बिनपुठ्ठ्याची कादंबरी

पोलिसाच्या नोकरीत चोरीच्या फिर्यादी मी पोत्यानं लिहून घेतल्या. सायकली, घड्याळं, सोन्याच्या साखळ्या, एकदा तर अख्खी बकरी. बहुतेक सगळ्या विसरलो. एक मात्र म्हातारपणीही पाठ सोडत नाही. कुवेतच्या भर उन्हात एक माणूस घामाघूम होऊन माझ्या टेबलापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माजी कादंबरी चोरीला गेली. अजून छापून बाहेर आली नाय अशी."

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, घाटावरचा. मुंबईत फौजदारी करत असताना कुवेतच्या पोलिसांना हिंदी माणसांच्या तक्रारी समजून घेणारा अधिकारी हवा आहे असं कळलं, आणि करार करून मी तिकडे गेलो. पन्नासचं दशक संपत आलं होतं. तेलामुळे गावाचं शहर होत होतं, रोज नवी भिंत उभी राहत होती, आणि भिंती बांधायला, क्रेन चालवायला, हिशेब ठेवायला आपल्याकडची माणसं बोटी भरभरून येत होती. माझी नेमणूक हवल्लीच्या मखफरमध्ये होती. मखफर म्हणजे पोलीस ठाणं. आमचा नकीब, म्हणजे कॅप्टन, तिथलाच अरब. तरुण, हसरा, पण शिस्तीला कडक. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. त्यांची मुलंबाळं आहेत, आणि गोष्ट नावाशिवाय सांगितली तरी तिचं काही कमी होत नाही.

फिर्यादी एका बांधकाम कंत्राटदाराचा स्टोअरकीपर होता. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा मुसलमान, चाळिशीचा, चष्मा लावणारा. इकडे येण्याआधी तो मुंबईत एका छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करत असे. तिथल्या रिवाजाप्रमाणे पुस्तकाचे सगळे फर्मे, म्हणजे घड्या घालायचे मोठे छापील कागद, छापून झाले की एक संच हातानं शिवून, पुठ्ठा न लावता, घडीला जोडलेली पानं न कापता लेखकाकडे जायचा. लेखकानं पाहून सही केली की मगच बाकीच्या प्रती बांधायला घ्यायच्या. ही आगाऊ प्रत काम झाल्यावर कुठंतरी कोपऱ्यात पडायची. ह्या गृहस्थानं त्या जमवायला सुरुवात केली. त्यातही फक्त अद्भुत कादंबऱ्यांच्या. जादूगार, उडती शहरं, पाताळातल्या राण्या. सामाजिक कादंबरी फुकट दिली तरी घेणार नाही म्हणाला.

"अरे, पण आगाऊ प्रतीचा एवढा काय सोस?" मी विचारलं. "पुढच्या महिन्यात तीच कादंबरी छान बांधून दुकानात येईल."

"तीच नाय येत, साहेब. दुकानात येते ती पक्की झालेली. ही अजून कच्ची असते. लेखकाचा हात अजून तिच्यावर असतो. माज्याकडं एक प्रत हाय, तिच्यात राजपुत्र मरतो. सही करताना लेखकाला वाईट वाटलं. छापील पुस्तकात तो जगला. तो मेला व्हता हे दुनियेत लेखकाला, छापखान्याला आणि मला एवढ्यांनाच ठाव."

मी लिहिता लिहिता थांबलो. माणूस वेडा असेल, पण रिकामा नव्हता.

चोरीला गेलेली प्रत मुंबईच्या एका वयस्कर लेखकाची होती. स्टोअरकीपर त्यांना दरवर्षी बसऱ्याच्या खजुराची पेटी पाठवायचा, आणि ते सही करून आगाऊ प्रत पाठवायचे. ही नुकतीच टपालाच्या बोटीनं आली होती. त्यानं सही तेवढी पाहिली आणि प्रत खाटेखाली ट्रंकेवर ठेवून दिली. आतली पानं शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, सगळ्यांसमोर कापायची असा त्याचा नेम होता. शुक्रवारी नमाजानंतर पाहतो तर प्रत गायब.

"संशय कुणावर?"

त्यानं खोलीतल्याच क्रेनवाल्याचं नाव घेतलं. तो शेजारच्याच गावचा, तिशीतला, दांडगा, आणि ह्या पुस्तकांची सतत टिंगल करणारा. 'पोरासोरांच्या गोष्टी वाचतोस, दाढी काढून टाक' असं म्हणायचा. प्रत गेली त्या सकाळी बाकीचे बाजारात गेले होते, खोलीत क्रेनवाला आणि म्हातारा बावर्ची एवढेच होते.

मी फिर्याद लिहून घेतली आणि तिथंच सगळं अवघड झालं. कंत्राटदाराचा नियम होता की ज्याच्या नावाची नोंद मखफरमध्ये झाली, तो पुढच्या बोटीनं परत. दोषी की निर्दोष ह्याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. आणि पुढची बोट त्याच आठवड्यात सुटणार होती. क्रेनवाल्याचा बाप गावच्या मशिदीत बांग देत असे. पोरगा चोरीचा आळ घेऊन उतरला तर म्हाताऱ्यानं त्या मशिदीत कुठल्या तोंडानं उभं राहायचं? हे मला क्रेनवाल्यानं नाही सांगितलं, त्याच्या खोलीतल्या इतरांनी सांगितलं. स्टोअरकीपर हे ऐकून कासावीस झाला. त्याला पुस्तक हवं होतं, माणूस घालवायचा नव्हता. पण फिर्याद मागं घेतली तरी नोंद राहणारच होती. खोडायची तर चोरी झालीच नाही असं सिद्ध व्हायला हवं होतं.

खबर मिळायला वेळ लागला नाही. मखफरच्या कोपऱ्यावर एका मलबाऱ्याचं चहाचं दुकान होतं. पोलिसाला आणि चहावाल्याला गावातलं सगळं ठाऊक असतं, चहावाल्याला थोडं आधी. तो म्हणाला, क्रेनवाला शुक्रवारी सकाळी पांढऱ्या कापडात बांधलेलं बोचकं छातीशी धरून बंदराकडे जाणाऱ्या लॉरीत चढला. परत आला तेव्हा हात रिकामे.

मी मनात म्हटलं, संपलं प्रकरण. क्रेनवाल्याला बोलावलं.

"कादंबरी घेतलीस?"

"नाय, साहेब. तिच्यात मला कसलं स्वारस्य? कुरानावर हात ठेवून सांगतो."

"बंदरावर बोचकं नेलंस?"

"नेलं."

"काय होतं त्यात?"

मी आवाज चढवला, उतरवला, चहा मागवला. अर्धा दिवस त्यात गेला. एकच उत्तर. "कादंबरी नव्हती. काय व्हतं ते सांगनार नाय."

"अरे शहाण्या, बोटीवर घालतील तुला!"

"घालू दे."

"आणि बापाला काय सांगशील?"

त्यानं न प्यालेला चहाचा कप माझ्याकडे परत सरकवला. मला त्याचा रागही आला आणि कोड्यातही पडलो. खोटं बोलणारा माणूस उत्तर तयार ठेवतो, एक पडलं की दुसरं पुढं करतो. ह्याच्याकडे उत्तरच नव्हतं. असा नकार माणूस स्वतःसाठी देत नाही, दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालताना देतो, हे मी मुंबईत पाहिलं होतं. नकीबला सांगितलं तर तो म्हणाला, "बोट सुटेपर्यंत शोध. नंतर माझ्या हातात काही नाही."

मग जागेच्या पंचनाम्याला गेलो. लांबोडकी खोली, भिंतीला टेकून खाटा, खिळ्यांना शर्ट, दाराबाहेर चपलांचा ढीग, मागच्या अंगाला बावर्चीची चूल. स्टोअरकीपरनं खाटेखालची ट्रंक ओढली आणि झाकण उघडलं. आत कडुलिंबाच्या पाल्यात नीट रचलेल्या प्रती होत्या. एकीलाही पुठ्ठा नाही, नाव नाही. दोऱ्यानं शिवलेले नुसते कागद, कडा वेड्यावाकड्या. बाहेरून पाहिलं तर रद्दी. पण पहिलं पान उलटलं की सही. कुणी नुसतं नाव लिहिलेलं, कुणी 'ह्या राक्षसाचा राग येऊ देऊ नका' असं काही. एकानं सहीखाली चिमुकला पंख काढला होता.

मी सहज एक प्रत उचलली. दर्याच्या तळाशी एक गाव आहे, असं तिच्यात होतं. बुडालेल्या गलबतांवरची माणसं तिथं राहतात. रोज भरतीबरोबर ती वर येतात आणि आपापल्या घराच्या खिडकीतून डोकावून पाहतात, घरची जेवली का. जेवली असली की ओहोटीबरोबर परत खाली जातात. मी पंचनाम्याला आलेला अधिकारी, टोपी काखेत धरून उकिडवा बसलो आणि वाचतच राहिलो. वर पाहिलं तेव्हा खोलीतली माणसं माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. प्रत्येक शुक्रवारी ती हे ऐकत होती. घरापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसांना हे ऐकताना काय होत असेल, ते एकदम माझ्या लक्षात आलं.

तेवढ्यात बावर्ची चाचा चहा घेऊन आला. सत्तरीला टेकलेला, पांढरी दाढी, पाचही वेळचा नमाज. शुक्रवारी गोष्ट चालायची तेव्हा तो मागं चुलीशी असायचा, प्रती त्यानं जवळून पाहिल्या नव्हत्या, आणि मराठी अक्षर त्याला येत नव्हतं. लहानपणी मदरशात अरबी अक्षरं गिरवून, अर्थ न कळता कुराण वाचायला शिकला होता, तेवढंच. माझ्या हातातली प्रत पाहून त्यानं कप खाली ठेवला, हात पुसले आणि हळूच विचारलं, "साहेब, ही पन जीर्ण झाली काय? ही पन ठंडी करायची?"

मला काही कळेना. "ठंडी म्हणजे?"

स्टोअरकीपर एकाएकी खाली बसला. चाचानंच सांगितलं. कुराणाची प्रत फार जुनी झाली, पानं सुटी झाली, की ती टाकत नाहीत, जाळत नाहीत, रद्दीत घालत नाहीत. पांढऱ्या कापडात बांधून खोल पाण्यात सोडतात किंवा दफन करतात. त्याला ठंडं करणं म्हणतात. त्या सकाळी झाडू मारताना खाटेखाली त्याला कागदांचा एक गठ्ठा दिसला होता. पुठ्ठा निखळलेला, कडा फाटल्यासारख्या, आणि मधूनच बाहेर आलेलं एक सुटं पान. त्या पानावर ठळक अरबी अक्षरं.

"माज्या तर अंगावर काटा आला. खाटेखाली, ट्रंकेवर, चपलांच्या धुळीत! ह्याच्या ध्यानात नसंल आलं, भला मानूस हाय. पन कुनी बघितलं असतं तर काय म्हनाले असते? म्हनून हातपाय-तोंड धुऊन, वजू करून बांधला. इथला किनारा उथळ, भरती परत आनून टाकील. मंग क्रेनवाल्याला म्हटलं, बंदरावर नेऊन गलबताच्या नाखवाला दे, खोल दर्यात सोडायला सांग. आनि कुनाला बोलू नको, ह्या भाईची अब्रू जाईल."

"चाचा, कादंबरी चोरीला गेली म्हणून इतका गोंधळ चालला होता, तेव्हा का नाही बोललास?"

"त्याचा ह्याच्याशी काय संबंध, साहेब? मी कादंबरी कुठं घेतली?"

आता माझ्या अंगावर काटा आला. क्रेनवाल्याला तरी बोचक्यात कादंबरी आहे हे कुठं ठाऊक होतं? त्याच्या लेखी ती पवित्र पानं होती, आणि ती चपलांशेजारी ठेवली म्हणून ज्याची छीथू होणार होती, तो माणूस म्हणजे हाच फिर्यादी. त्याची अब्रू राखायला तो स्वतः चोर ठरून बोटीवर चढायला तयार झाला होता. स्टोअरकीपर चष्मा काढून पुसत बसला. पुसत होता, पण चष्म्याला काही लागलेलं नव्हतं.

चाचा आणि स्टोअरकीपरला घेऊन मी नकीबकडे गेलो आणि त्याच्याच गाडीतून आम्ही सगळे बंदरावर पोचलो. क्रेनवाल्यानं बोचकं दिलेलं गलबत अजून तिथंच होतं, पाणी भरून, शिडं तपासून तयार. भरती आली की निघणार. नाखवा कुवेतचाच, उन्हानं रापलेला, मुंबई-रत्नागिरीच्या फेऱ्या करून हिंदुस्तानी बोलणारा. मी बोचकं मागितलं. त्यानं मान हलवली.

"अमानत है, साहब. जिसने भेजा, उसी के हाथ में दूँगा."

नकीबनं अरबीत दटावलं. काही उपयोग झाला नाही. हुद्दा दोघांचाही जमिनीवरचा, आणि आम्ही उभे होतो त्याच्या गलबतावर. शेवटी चाचाला हात धरून फळीवरून वर आणलं. नाखवानं सुकाणूच्या वर, माणसाच्या डोक्याहून उंच टांगलेलं बोचकं दोन्ही हातांनी उतरवलं आणि चाचाच्या हातात दिलं.

मुद्देमालाची ओळख पटवणं भाग होतं. चाचानं गाठ सोडली. स्टोअरकीपरनं सही पाहून मान डोलावली. मधलं सुटं पान नकीबनं हातात घेतलं. पुस्तकात डकवायचं राहून गेलेलं चित्र होतं ते. एक जादूगार हातात मंतरलेली पाटी धरून उभा, आणि पाटीवर सुरेख अरबी अक्षरं. नकीब वाचायला लागला. त्याच्या ओठाचा कोपरा हलला. मग त्यानं चाचाकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

मला बाजूला नेऊन म्हणाला, "बसऱ्याचा उत्तम खजूर, असं लिहिलंय. कोरड्या जागी ठेवा."

चित्रकारानं काय केलं असेल ते स्टोअरकीपरला क्षणात उमगलं. त्यानंच पाठवलेली खजुराची पेटी लेखकाच्या घरी पडली असणार, आणि मंत्र म्हणून तिच्यावरचा छाप चित्रकारानं हुबेहूब उतरवला असणार. मी नाखवाला विचारलं, "तुला तर अरबी येतं. वाचलं नाहीस?"

"पढ़ा था. टाँगते वक़्त गाँठ खुल गई थी."

"मग फेकून का नाही दिलंस?"

"उस आदमी ने वज़ू करके भेजा था, साहब. मैं कौन होता हूँ?"

तो खरोखरच ते खोल दर्यात नेऊन सोडणार होता. खजुराच्या पेटीचा छाप, पांढऱ्या कापडात बांधून, सन्मानानं. मी त्या काळ्या रापलेल्या माणसाकडे बघत राहिलो. आयुष्यात फार थोड्या वेळा एखाद्याच्या पाया पडावंसं वाटलं, त्यातली ही एक.

चाचाला आमची कुजबुज दिसत होती. त्यानं विचारलंच, "साहेब, काय लिवलंय त्या पानावर?"

नकीब पाण्याकडे बघू लागला. नाखवा दोरखंडाकडे वळला. उत्तर द्यायचं काम माझ्यावर आलं. खोटं सांगायचा मोह झाला. पण जबाब घेणाऱ्यानं खोटं बोलू नये, निदान साक्षीदाराशी तरी. मी सांगितलं, "चाचा, खजुराच्या पेटीवरचा छाप आहे. बसऱ्याचा उत्तम खजूर, एवढंच लिहिलंय."

वाटलं, म्हातारा लाजेनं मेल्याहून मेला होईल. त्यानं ते पान नकीबच्या हातातून घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि कपाळाला लावलं.

"मंग खजूर तरी कुनाचा हाय, साहेब?"

नकीबनं टोपी काढून पुन्हा घातली. मग आम्ही गाडीकडे परतलो.

मखफरमध्ये नकीबनं स्वतः शेरा लिहिला, की चोरी झालेली नाही आणि संशयिताचं नाव नोंदीतून काढावं. कंत्राटदाराकडे निरोप घेऊन मीच गेलो. तो कुरकुरला, पण नकीबची सही पाहून गप्प बसला. बोट तिच्या वेळेला सुटली. क्रेनवाला त्या वेळी बंदरावर दुसऱ्याच कुणाचं सामान क्रेननं चढवत होता.

गुन्ह्यामागे लोभ शोधा, राग शोधा, असं आम्हाला शिकवलं होतं. ते बरोबरच आहे, पुढंही मी तसंच शोधत राहिलो. पण ह्या प्रकरणानंतर तपासाला बसलो की आणखी एक प्रश्न मनात ठेवायचो. हा माणूस कुणाचा मान राखतोय? मुंबईत परतल्यावर ह्या एका प्रश्नानं कितीतरी गुंते सुटले. आणि एखादा गप्प बसला म्हणून त्याला गुन्हेगार समजणं मी कायमचं सोडून दिलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. 'घाटी साहेबांना मासा नीट खाता येत नाय' म्हणून चाचानं काटे काढून वाढलं, सगळे पोटभर हसले. ट्रंक आता खाटेखाली नव्हती. भिंतीत, माणसाच्या डोक्यावर, क्रेनवाल्यानं एक फळी ठोकली होती आणि सगळ्या प्रती तिच्यावर होत्या. अद्भुत कादंबऱ्या आहेत, कुराण नव्हे, हे आता चाचाला पक्कं ठाऊक होतं. तरी फळी खाली घ्यायला तो तयार नव्हता.

जेवण झाल्यावर स्टोअरकीपरनं ती प्रत उतरवली. पानं कापायची सुरी तो आजवर कुणाच्या हातात देत नसे. त्यानं ती क्रेनवाल्यापुढं धरली. माफी वगैरे मागितली नाही. त्या दोघांत ते शब्द बोलता आले नसते. क्रेनवाल्यानं हात धुतले, चाचाकडे पाहून पुन्हा एकदा धुतले, आणि क्रेनच्या दांड्यांनी घट्टे पडलेल्या हातांनी एकेक पान इतकं जपून कापलं की कडेला एक धागाही सुटला नाही. प्रत परत दिली आणि मांडी घालून सगळ्यांच्या पुढं बसला.

स्टोअरकीपर चष्मा पुसत होता.

"आता वाच की," क्रेनवाला म्हणाला. "त्या जादूगाराचं पुढं काय झालं?"